घट्ट ऑइल, पातळ ऑइल आणि टर्बोचा शाफ्ट

निपाणीजवळ आमच्या मामांच्या गोठ्याला लागून एक खोली आहे. तिथं खताची पोती, फवारणीचा पंप आणि ऑइलची वीस लिटरची बादली. ऑइल डिझेल इंजिनाचं, १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, म्हणजे घट्ट. ट्रॅक्टरला तेच, विहिरीवरच्या इंजिनाला तेच, फाटकाच्या बिजागरीलाही तेच. मामेभावानं टर्बो पेट्रोल गाडी घेतली. सहा-सात महिन्यांनी डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेपाशी आलं, तेव्हा मामांनी सवयीनं त्याच बादलीत मग बुडवला. मी नेमका तिथं होतो. हात धरला.

"आरं, ट्रॅक्टर वीस वर्सं ह्याच ऑइलवर पळतोय की! ह्या एवढ्याशा गाडीला काय धाड भरलीया?"

"मामा, ती एवढीशी आहे म्हणूनच," मी म्हटलं.

मामांना नुसतं नको म्हटलेलं चालत नाही, कारण सांगावं लागतं. मग तासभर तिथंच बसून जे बोललो, ते इथं जरा नीट मांडतोय. कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले, कित्येक कंपन्यांनी लहान डिझेल इंजिनं बंद केली आणि त्यांच्या जागी एक-सव्वा लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं आली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं ज्यांच्या दारात पूर्वी डिझेल गाडी होती, त्यांच्याकडं आज ही गाडी आहे. गाडी बदलली, पण ऑइलबद्दलची समजूत ट्रॅक्टरच्या काळातलीच राहिली, ती म्हणजे घट्ट ते चांगलं आणि पातळ ते फसवं.

मी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगच्या कामावर बरीच वर्षं काढली. तिथं आम्ही मायक्रॉनमध्ये बोलायचो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. क्रँकचं जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गुळगुळीत भाग, आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट त्याहून बारीक, बहुतेक गाड्यांत २५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. त्या फटीत दाबानं ऑइल भरलेलं असतं, म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही. इंजिन चालतं ते खरं तर ह्या थरावर. ऑइल निवडायचं म्हणजे हा थर निवडायचा, आणि फट किती ठेवायची हे इंजिन बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. १५डब्ल्यू-४० साठी ठेवलेली फट वेगळी, ०डब्ल्यू-२० साठी ठेवलेली वेगळी.

आता टर्बोकडं येऊ. सायलेन्सरकडं निघालेल्या जळक्या वायूच्या वाटेवर एक चक्र बसवलेलं असतं. वायूच्या जोरानं ते फिरतं. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून एक लिटरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनाएवढी ताकद देतं. ऐकायला सोपं आहे, पण हा शाफ्ट हातात घेऊन बघावा. शिसपेन्सिलीहून बारीक असतो. आणि पूर्ण जोरात तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. आपलं इंजिन फार तर सहा हजार मारतं. ह्या शाफ्टला बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगही नसतं. तो एका पितळी बुशात फिरतो, ते बुशही सैल असतं आणि तेही फिरतं, आणि दोघांच्या आतबाहेर ऑइलचा पातळ थर असतो. म्हणजे शाफ्ट चक्क ऑइलमध्ये तरंगत असतो. त्याच्या एका बाजूचं चक्र पेट्रोल इंजिनात ९०० अंशांच्या पुढं तापतं, आणि तिथून दोन बोटांवर हा ऑइलचा थर.

ट्रॅक्टरच्या इंजिनाला जो जोर पेलावा लागतो तो वेगळ्या जातीचा. ते इंजिन मोठं, फेरे कमी, ऑइल भरपूर. एक लिटरच्या टर्बो गाडीत ऑइल साडेतीन-चार लिटर असतं, आणि तेवढ्यानंच क्रँक, कॅम, टायमिंग चेन, पिस्टनच्या पोटाखाली फवारा मारणारे नोझल आणि हा टर्बो, सगळं सांभाळायचं.

ऑइल कुठं करपतं

आमच्या भागात गुऱ्हाळ बघितलेलं नाही असा माणूस विरळा. चुलवाणातला जाळ ओढून काढला तरी चुलवाण तापलेलंच राहतं. रस ढवळत ठेवला तोवर ठीक, हात थांबला की तळाला लागलाच. म्हणून तर गुळव्या नेमक्या वेळी काहील उतरवतो, क्षणभरही रेंगाळत नाही.

टर्बोत हेच घडतं. गोव्याकडून केरीमार्गे चोर्ला घाट चढून या. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू. चढ संपेपर्यंत टर्बो पूर्ण जोरात फिरत असतो. वर आलं की धुकं, धबधबा, गाडी बाजूला घेतली, लगेच चावी बंद, सगळे फोटोला बाहेर. इंजिन थांबलं म्हणजे ऑइलचा पंप थांबला. टर्बोच्या बुशात जे थोडं ऑइल होतं ते तिथंच अडकलं, आणि शेजारचं लालबुंद चक्र आपली उष्णता शाफ्टवाटे त्याच्यात सोडायला लागलं. ढवळणारा हात थांबला, चुलवाण मात्र तसंच. ऑइल करपतं, आणि करपलेल्याचे काळे कठीण कण तिथंच चिकटतात.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. एका ओळखीच्या मेकॅनिककडं बिघडलेला टर्बो उघडून ठेवला होता. गाडी निळा धूर सोडत होती, चढाला दम लागत होता. टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट त्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला. आत बघितलं तर भोक निम्म्याहून जास्त बुजलेलं. टाचणीनं खरवडलं तेव्हा काळे दाणे पडले, काहिलीच्या तळाला लागलेल्या गुळासारखे, बोटांत चोळले की खरखरीत. शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला तर वरखाली हलला, एवढा की मोजायला डायल गेज लावायची गरज नव्हती. आणि तापलेल्या बाजूला त्याच्यावर निळसर झाक चढलेली. लोखंड निळं पडलं म्हणजे किती तापलं असेल, हे ग्राइंडिंग केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या टर्बोचं काही दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं.

आताच्या बहुतेक टर्बोंना ऑइलबरोबर कूलंटचंही पाणी फिरवलेलं असतं, त्यामुळं ही करपण्याची भीती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालीय. काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावरही छोटा विजेचा पंप कूलंट फिरवत राहतो, पंखा चालू राहतो. गाडी बंद करून निघालात आणि बॉनेटखालून घुंघुं आवाज आला तर घाबरू नका, तो टर्बो थंड करतोय. तरीही घाट चढून आल्यावर किंवा हायवेवर दाबून चालवल्यावर इंजिन अर्धा-एक मिनिट नुसतं चालू ठेवावं. त्याहून सोपं म्हणजे शेवटचा एक-दीड किलोमीटर सावकाश यावं. तवंदी घाट ओलांडून निपाणीत घरी जायचं असेल तर गावातल्या गल्ल्यांतून जाईपर्यंत टर्बो आपोआप निवतो. सकाळी गाडी चालू केल्यावर मात्र मिनिटभर उभं राहून ॲक्सिलरेटर दाबत बसू नये. ऑइल वर चढायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबून निघावं आणि पहिले चार-पाच किलोमीटर दम खाऊन चालवावं.

ऑइलच्या निवडीचा इथं काय संबंध? करपण्याला कोण किती दाद देतं ते ऑइलच्या मूळ तेलावर ठरतं. साध्या खनिज तेलात लहानमोठे, हलकेजड सगळ्या प्रकारचे कण मिसळलेले असतात. हलके कण आधी उडून जातात, राहिलेलं घट्ट होतं, गाळ होतो. सिंथेटिक तेलात कण बऱ्यापैकी एकसारखे असतात. किती ऑइल उडतं हे मोजायची नोॲक नावाची एक चाचणी आहे. ऑइल २५० अंशांवर तासभर ठेवतात आणि वजन किती घटलं ते बघतात. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या एपीआय संस्थेच्या एसपी दर्जात १५ टक्क्यांपर्यंत घट चालते, युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या एसीईए संघटनेच्या दर्जात १३ पर्यंत. चांगली सिंथेटिक ऑइलं ह्याहून बरीच खाली राहतात. टर्बो पेट्रोलसाठी मी पूर्ण सिंथेटिकच घ्यायला सांगतो. ह्या बाबतीत चार-पाचशे रुपये वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही.

डब्यावरचे आकडे

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांत इंजिन फिरवू देतं का ते तपासतात, ०डब्ल्यू उणे ३५ अंशांत, १५डब्ल्यू उणे २० अंशांत. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास येतो तेव्हा लोक शेकोटी करतात, उणे काही होत नाही. मग ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचा आपल्याला उपयोग काय, असं मामांनीही विचारलं. उपयोग आहे. थंड इंजिनात वीस अंशांतसुद्धा १५डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा साधारण दुपटीच्या आसपास घट्ट असतं. सकाळी चावी फिरवल्यावर टर्बोच्या बुशापर्यंत जे ऑइल आधी पोहोचेल, ते त्या बुशाचं आयुष्य वाढवेल. बारीक नळीतून काकवी ओढायची की ताक, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांवर ऑइलचा घट्टपणा मोजतात, सेंटीस्टोकमध्ये. २० चं ऑइल ६.९ ते ९.३, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३. इथं एक गैरसमज हमखास आढळतो: आपल्याकडं उन्हाळा कडक, म्हणून घट्ट ऑइल हवं. बाहेर ३० अंश असो की ४०, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी नव्वदीच्या आसपास ठेवतो आणि ऑइल त्याच्या आगेमागे राहतं. बाहेरच्या दहा अंशांनी फार फरक पडत नाही. फरक पडतो तो चढानं, ओझ्यानं आणि वेगानं. भरलेली गाडी घाटात रेटली की ऑइल १२० अंशांच्या पुढंही जातं.

त्यासाठी तिसरा एक आकडा आहे. तो डब्याच्या दर्शनी बाजूला छापत नाहीत, पण माझ्या मते टर्बोवाल्यानं तो माहीत करून घ्यावा. बेअरिंगच्या फटीत ऑइल नुसतं गरम नसतं, ते भयंकर वेगानं चिरडलंही जात असतं. १५० अंशांवर, त्या चिरडण्यात, त्याच्यात किती घट्टपणा उरतो ते मोजतात. त्याला एचटीएचएस (हाय टेम्परेचर, हाय शिअर) म्हणतात. २० च्या ऑइलला तो किमान २.६ असावा लागतो, ३० च्याला २.९, आणि ५डब्ल्यू-४० ला ३.५. युरोपच्या एसीईएचे ए३/बी४ आणि सी३ हे दर्जे तर किमान ३.५ मागतात, मग वरचा आकडा ३० असला तरी. म्हणजे दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० छापलेलं असलं तरी आतला माल सारखा असेलच असं नाही.

मग ३.५ वालं सगळ्यात भारी, तेच घालू या का? इथंच थांबायचं. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर, व्हॉल्व्हची वेळ पुढंमागं करणारा फेजर, पिस्टनखालचे फवारे, हे सगळं ऑइलच्या दाबावर चालतं. कित्येक नव्या इंजिनांत ऑइल पंपही गरजेप्रमाणं कमीजास्त ऑइल ढकलणारा असतो. त्यांची भोकं, स्प्रिंगा, फटी ठरावीक घट्टपणासाठी बेतलेल्या असतात. घट्ट ऑइल घातलं म्हणून इंजिन लगेच बसत नाही, पण थंड असताना फेजर आळशी वागतो, फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑइल पुढं जाऊ शकतं, पेट्रोलही थोडं जास्त जळतं.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. गाडीच्या पुस्तकात ऑइलचं पान काढायचं. तिथं एकच ग्रेड दिली असेल तर वाद संपला, तेच घालायचं. दोन-तीन दिल्या असतील, समजा ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतात असं लिहिलं असेल, तर आपली गाडी कुठं फिरते ते बघायचं. टिळकवाडीतून खडेबाजार, तिथून कॅम्प, आणि महिन्याकाठी एखादी धारवाडची फेरी असेल तर ०डब्ल्यू-२० नं काही बिघडत नाही. दर आठवड्याला चोर्ला किंवा आंबोली, तेही माल भरून, असं असेल तर मी ५डब्ल्यू-३० घेईन. पुस्तकात नसलेली ग्रेड, मग ती कुणीही कितीही छातीठोकपणे सांगो, मी घालणार नाही.

ठिणगीआधीची आग

मामांच्या बादलीला माझा सगळ्यात मोठा विरोध घट्टपणामुळं नव्हता. तो होता कॅल्शियममुळं.

डिझेल इंजिनात काजळी आणि आम्ल फार होतं. ते धुऊन काढायला डिझेलच्या ऑइलमध्ये कॅल्शियमचे घटक चांगले सढळ हातानं घातलेले असतात. ट्रॅक्टरला ते हवेच. पण थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात एक वेगळाच आजार आढळला. इंजिनाचे फेरे कमी, १,५०० ते २,५०० च्या दरम्यान, आणि पाय मात्र पूर्ण दाबलेला. टर्बो हवा कोंबतोय, सिलिंडरमध्ये दाब प्रचंड. अशा वेळी पिस्टनच्या रिंगांजवळच्या फटीतून ऑइल आणि पेट्रोल मिसळलेला एखादा थेंब वर उडतो आणि स्पार्क प्लगची ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून स्फोट. ह्याला एलएसपीआय म्हणतात, कमी फेऱ्यांवरचं अवेळी पेटणं. साधी नॉकिंग गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी मागं घेऊन सावरतो, पण इथं ठिणगीचा संबंधच नाही, त्यामुळं त्याच्या हातात फारसं काही राहत नाही. जोराचा एक झटकासुद्धा पिस्टनच्या रिंगांमधला कडा फोडू शकतो.

संशोधनात दिसलं की ऑइलमधलं कॅल्शियम वाढलं की हे पेटणं वाढतं, आणि त्याच्या जागी मॅग्नेशियमचे घटक वापरले तर कमी होतं. मग ऑइलचे दर्जेच बदलले. २०१८ मध्ये एपीआयनं एसएन प्लस हा दर्जा ह्याच कारणासाठी आणला. मे २०२० मध्ये एसपी आला, त्यात एलएसपीआयबरोबर टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आली. एलएसपीआयची ही चाचणी खऱ्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनावर घेतात. मार्च २०२५ पासून त्याच्याही पुढचा एसक्यू दर्जा सुरू झालाय. तुमच्या टर्बो पेट्रोल गाडीचं पुस्तक एपीआयचा दर्जा मागत असेल तर डब्यावर एसपी किंवा एसक्यू बघून घ्या. नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो, उलटं चालत नाही. दुकानात धूळ खात पडलेला एसएम किंवा नुसता एसएनचा डबा स्वस्त मिळाला तरी तो ह्या गाडीसाठी नाही.

चालवणाऱ्याचंही इथं काम आहे. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये गाडी मंदावली, चढ समोर आला, तरी गिअर न बदलता नुसता पाय दाबत राहायचा, ही सवय डिझेल गाडीत खपून जायची. टर्बो पेट्रोलमध्ये एक गिअर खाली या. उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना तर आधी गिअर पाडा, मग दाबा.

युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या एपीआयवर थांबत नाहीत, त्यांचे स्वतःचे मान्यता क्रमांक असतात. फोक्सवॅगन गटात ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ०० असे. ह्यातलं ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० असतं आणि ज्या इंजिनासाठी ते नेमलेलं नाही त्यात ते घालायचं नसतं. डब्यामागचा मजकूर वाचताना शब्द नीट बघा. 'मान्यताप्राप्त' अशा अर्थाचा शब्द असेल तर गाडी कंपनीनं ते ऑइल तपासलंय. 'ह्या गाड्यांसाठी योग्य' असं लिहिलं असेल तर तो ऑइल बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. दावा खोटाच असतो असं नाही, पण दोन्ही एकच नव्हेत. आपण इतके रुपये मोजतो तर ही बारीक अक्षरं चष्मा लावून वाचायला दोन मिनिटं द्यावीत.

दुचाकीचं ऑइल गाडीत आणि गाडीचं उरलेलं ऑइल दुचाकीत, हेही नको. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, गाडीच्या ऑइलनं तो घसरायला लागतो.

आता पेट्रोलकडं. बेळगाव जिल्हा उसाचा, आणि उसापासूनचं इथेनॉल आता आपल्याच टाकीत येतं. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल पाणी धरतं. थेट फवारणीच्या इंजिनात, विशेषतः ते थंड असताना, थोडं इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतंच. गाडी तास-दीड तास चालली की ऑइल तापून ते उडून जातं. पण जून ते सप्टेंबर, खानापूर-जांबोटीकडचा पाऊस, दमट हवा, आणि गाडीची रोजची फेरी शाळा-बाजार मिळून दोन-तीन किलोमीटर. अशा गाडीत ऑइल तापतच नाही. इंधन आणि पाणी आतच साठतं. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून पिवळसर सायीसारखा थर दिसेल. एखाद्या वेळी डिपस्टिकवर पातळी कमी व्हायची तर वाढलेली दिसते, आणि वास घेतला तर पेट्रोलचा. लोक खूश होतात, गाडी ऑइल खात नाही म्हणून. ते ऑइल पातळ झालेलं असतं.

म्हणून कमी चालणाऱ्या गाडीला जास्त जपावं लागतं. पुस्तकात साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. त्याच पुस्तकात पुढं कठीण वापराचं एक पान असतं: छोट्या फेऱ्या, धूळ, सततचे घाट, ओझं. आपल्यापैकी बहुतेकजण त्या पानावर बसतात. मी माझ्या गाडीचं ऑइल किलोमीटर झाले नसले तरी पावसाळा संपला की बदलतो, दसऱ्याच्या आसपास. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची तर आदल्या आठवड्यात त्यांना ताजं ऑइलही घालावं, असा आमच्या शॉपचा रिवाज होता आणि मला तो अजून पटतो. फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. वॉशर दहा-वीस रुपयांचा, पण जुनाच दाबून बसवला की ऑइल झिरपायला लागतं.

रंगावरून ऑइल बाद ठरवू नका. चांगलं ऑइल मळ धरून ठेवतं, म्हणून काळं पडतं. ते त्याचं कामच आहे.

खरेदी नेहमीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून. एका ठिकाणी मी स्वतः फसलोय. डबा नव्यासारखा, झाकणाचं सील मात्र आधी उघडून परत चिकटवलेलं, आणि ते मला घरी आल्यावर दिसलं. तेव्हापासून काउंटरवरच झाकण, सील, बॅच नंबर आणि तारीख बघतो. रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला खिळ्यानं भोकं पाडतो, म्हणजे त्यात कुणी भेसळ भरून विकू शकत नाही. जुनं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, हे मी आमच्या मामांनाही दोनदा सांगितलंय. तेच पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीत उतरतं.

मामेभावाच्या गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये जसंच्या तसं होतं, अजून उघडलंही नव्हतं. पान काढलं. ग्रेड ५डब्ल्यू-३०, दर्जा एपीआय एसपी किंवा वरचा. निपाणीत जाऊन एक लिटरचा डबा आणला. गाडी सपाट जागेवर घेतली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो, पट्टी फडक्यानं पुसून पुन्हा घातली आणि बघितली. मग थोडं थोडं ओतत, मध्येमध्ये बघत, चारशे मिलीच्या आसपास घातलं. पातळी दोन खुणांच्या मधल्या भागाच्या जरा वर आली, तिथं थांबलो. वरच्या खुणेच्या पुढं भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा थर बेअरिंगला पेलत नाही. टर्बो गाडी थोडं ऑइल खाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. किती खाते ते कळायला हवं. म्हणून मामेभावाला सांगितलं, दर हजार किलोमीटरला पट्टी बघ, आणि किती घातलं ते पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसकट लिही. खप अचानक वाढला किंवा निळा धूर दिसला तर टर्बो आणि पिस्टन रिंगा तपासून घ्यायच्या.

मामा सगळं बघत होते. ओतून झाल्यावर उरलेला डबा त्यांनी हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, झाकण घट्ट लावलं. "एवढं पाण्यासारखं दिसतंय, आणि ह्याच्यावर ते दोन लाख फेरं?" त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी हो म्हटलं. मग खोलीतून ब्रश आणि बैलाची शिंगं रंगवायचा लाल रंगाचा डबा आणला, आणि ऑइलच्या बादलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: फक्त ट्रॅक्टर.